तीन खाचांची सुरी

उत्कर्षनं नळदुर्गच्या त्या दुकानात दोन सुऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक खाजामियाँनी वीस वर्षांपूर्वी घडवलेली. दुसरी त्यांच्या माघारी त्यांच्या मुलीनं, उम्मेहानीनं, यंदाच घडवलेली.

“ताई, राग मानू नका, पण नवीला जुनीची सर नाही. पातं तसंच आहे, धारही तशीच. पण जुन्या मुठीला बोटांसाठी तीनच खाचा आहेत आणि तुम्ही चार केल्यात. आमच्यासारख्या सुऱ्या जमवणाऱ्यांसाठी त्या तीन खाचा म्हणजे खाजामियाँची सही. ती तुम्ही पुसून टाकलीत!”

“पुसली न्हाय, दादा. आमच्यात घडवणारा आपल्याच हाताच्या मापानं मूठ करतो.” उम्मेहानीनं नवी सुरी उचलून धरली. चार बोटं चार खाचांत अलगद बसली.

“ते असू द्या. मला तीन खाचांची एक करून द्या. तुम्ही म्हणाल ती किंमत.”

“तेवढं न्हाय जमायचं,” उम्मेहानी हसली. “अब्बांची करंगळी घणाखाली गेलती. माझी शाबूत हाय.”