बालानचे थांबे

“लगाम ओढून काही व्हायचं नाही, बाई. तो त्याच्या मर्जीनं थांबतो आणि त्याच्याच मर्जीनं निघतो,” फाटकातून बाहेर येत कातिंका म्हणाली.

सावेताने लगाम सैल सोडला. बालान घोडा पुन्हा थांबला होता. उभी हयात त्याने दुधाची गाडी ओढली होती. डोंगराच्या या अंगाला ज्या दारात गाय, त्या दारात उभं राहायचं, सावेताच्या नवऱ्याने, तोदेरने, दुधाचे कॅन चढवले की पुढचं दार गाठायचं. आता गाडीत कॅन नव्हते आणि तोदेरही नव्हता. पण हे बालानला कोण समजावणार?

वसंतात तोदेरला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दूध न्यायला डेअरीचा ट्रक येऊ लागला. बालान तबेल्यात नुसता उभा राहून खात राहिला, आणि म्हातारा घोडा तरण्यापेक्षा कमी खातो असं काही नसतं. शेवटी नवऱ्याची औषधं की घोड्याचा चारा, यातलं एकच निवडायची वेळ आली. कसायाचा माणूस घिरट्या घालू लागला. सावेताने त्याला हाकलून दिलं आणि डोंगरापलीकडच्या मठात जाऊन मोठ्या माईंचे पाय धरले. माई म्हणाल्या, आणून सोड, कुरण मोकळंच आहे.

कातिंकाने बालानपुढे साखरेचा खडा धरला आणि सावेताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तोदेरभाऊंच्या घरच्या तुम्हीच ना? काळजाच्या घट्ट आहात हो. माझ्यानं नसतं झालं.”

“मला काय हौस आहे?” सावेता म्हणाली. “नाइलाज आहे.”

“असेल.” कातिंका आणखी काही बोलणार होती, पण घोड्याचं कपाळ खाजवू लागली.

सावेताला ते लागलं. घोडा देणं तिला किती जड जात होतं, ते या बाईला काय ठाऊक? सकाळी तिने तोदेरला सांगितलं, बालानला मठात नेतेय. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग डाव्या हाताने त्याने तिला दाराकडे ढकललं, डोंगराकडे बोट केलं, पुन्हा ढकललं. झटका आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. घोडा खिंकाळला की डोंगराकडे बोट. “कळलं हो, तुमचा घोडा, तुमचा रस्ता,” असं म्हणून ती त्याचं पांघरूण सारखं करायची.

पुढच्या फाटकाशी म्हातारा इलारिओन काठी टेकत आला.

“अजून जिवंत का रे, गाढवा?” त्याने बालानला विचारलं. “दात तर माझ्याहून जास्त दिसतात लेकाचे!”

सावेता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

“कुठवर नेतेस, पोरी?”

“मठापर्यंत, काका.”

“मठ?” म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तोदेर काही तिथवर जात नसे. बरं, लगाम सैलच ठेव. हा उभा राहील तिथं राहू दे. तेवढा मान ठेव त्याचा.”

गाडी चढाला लागली. बालानच्या गळ्यातल्या घंटेखेरीज आवाज नव्हता. आसपास कोणी नाही असं पाहून सावेता घोड्याशी बोलू लागली.

“तू निदान निरोप घेऊन चाललास. सांदानं तेवढंही केलं नाही रे.”

सांदा तिची एकुलती एक लेक. एका लाकूडतोड्याचा हात धरून ती पळून गेली, तेव्हा तोदेरने उंबऱ्यावर उभं राहून बजावलं होतं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. सावेताने ते पाळलं. पुढे केव्हातरी त्यानेच सांगितलं, दोघं इटलीला गेली म्हणे. तेव्हापासून ईस्टरला इटलीची बस आली की सावेता काहीतरी निमित्त काढून चौकात उभी राहायची, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. लेकीला एकदा डोळे भरून पाहावं, याखेरीज तिला आयुष्याकडून आता काही नको होतं.

तोदेर तिला कुठे गेली होतीस म्हणून विचारायचा नाही. तो तरी कुठे वेळेवर घरी यायचा? दुधाची फेरी दुपारीच संपायची आणि हा यायचा तिन्हीसांजेला. बालान आता थकला, म्हणायचा, आणि भूक नाही म्हणून ताट सरकवायचा. लेकीवाचून त्यालाही घास उतरत नाही, असं सावेताला वाटायचं. तेवढ्या एका गोष्टीसाठी तिने त्याला सगळं माफ केलं होतं.

मठाचा घुमट दिसू लागला तिथे वाट फुटली. सावेताने उजवीकडे लगाम ओढला. बालान डावीकडे वळला. तिने चुचकारलं, दटावलं, शिव्याही घातल्या. मग तिला इलारिओन आठवला. आजचाच तर दिवस आहे, असं म्हणून तिने लगाम सोडून दिला. बालानने कान टवकारले आणि तो तरण्या घोड्यासारखा झपझप निघाला.

उतार संपला तिथे लाकडाच्या वखारीमागे एक घर होतं. बालान निळ्या फाटकाशी थांबला आणि नाकाने कडी वाजवू लागला. फाटकाला छोटी गव्हाण ठोकलेली होती, बरोबर त्याच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीवर.

कुणाचं घर कोण जाणे, असं म्हणत सावेता माफी मागायला खाली उतरली. गोठ्यात बादलीत दुधाच्या धारा पडत होत्या. घंटा ऐकून त्या थांबल्या.

“बाबा? आले, आले!” आतून आवाज आला, आणि सावेताचा हात कडीवर तसाच राहिला. “अंथरुणाला खिळलात असं कातिंका सांगत होती. मी धावत येणार होते हो, पण...” आवाज गोठ्याच्या बंद दाराआड येऊन अडखळला. “आई अजूनही घरात माझं नाव काढू देत नाही का?”