वाळूखालचं नाव

फाटा आला तसा मार्विनने गुडघा धरला.

"आज नको गं. खालूनच जाऊ. झाडीतली वाट काय वाईट आहे?"

"तुझा गुडघा दरवर्षी बरोबर याच फाट्यावर दुखतो," आर्लीन म्हणाली आणि काठी टेकत वाळूच्या टेकडीच्या वाटेला लागलीसुद्धा.

मार्विन हूक्स्ट्रा बहात्तर वर्षांचा. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. इतकी वर्षं तो बायकोला या फाट्यावरून वळवून परत नेत आला होता. कधी गोचीड फार झाल्या म्हणून, कधी आभाळ आलं म्हणून. एकदा तर त्याने अस्वल दिसल्याची थाप मारली. आर्लीनने ते अस्वल चर्चभर हसत हसत सांगितलं होतं.

भीती अस्वलाची नव्हती, एका झाडाची होती. माथ्यावर एक जुनं कॉटनवुड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. लग्नाची मागणी घालताना मार्विनकडे अंगठी नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला, "वरच्या कॉटनवुडवर मी तुझं नाव कोरलंय, माझ्या नावाशेजारी." आर्लीनचे डोळे भरून आले आणि ती हो म्हणाली. नाव कोरलेलं होतं हे खरं, पण ते डार्लाचं, त्याच्या आधीच्या मैत्रिणीचं होतं, मागणीच्या दोन वर्षं आधीच्या उन्हाळ्यातलं. नंतर जाऊन खोडावं, तर सालीवरची खाडाखोड आणखीच डोळ्यांत भरते. तेव्हा आर्लीनला त्या झाडापर्यंत पोचूच द्यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. संसार चांगला झाला, तीन मुली झाल्या, पण दर मे महिन्यात या फाट्यावर त्याला नवी सबब शोधावी लागायची.

या वर्षी मात्र ती ऐकणार नव्हती. पुढच्या महिन्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि नंतर वाळू चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

झाडीत पांढरी फुलं गालिचा घातल्यासारखी पसरली होती. एरवी मार्विन दर दहा पावलांवर थांबला असता. आज त्याला फक्त पाइन संपून वाळू कधी लागते, याचीच धास्ती होती. वाळू लागली. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. वाट दाखवणाऱ्या निळ्या टोकाच्या प्रत्येक खुंटाला धरून आर्लीन दम खायची आणि पुन्हा निघायची. मार्विन मागून मनात जुळवाजुळव करत होता. कोण ही डार्ला, म्हणावं, तर ती अजून दर रविवारी चर्चमध्ये यांच्यासमोर ऑर्गन वाजवते.

माथा आला. समोर तळं, निळंच निळं, पलीकडचा काठ न दिसणारं. वाळू होती, गवत होतं, कमरेएवढी चार झुडपं होती. कॉटनवुड नव्हतं.

"इथंच होतं ना रे?" आर्लीनने चहूकडे पाहिलं.

"पडलं असेल. वारा का कमी आहे इथं?"

मार्विनचा जीव भांड्यात पडला. एका झुडपाच्या जाड फांदीवर दोघं टेकले. त्याने हॅमचे बन काढले, कॉफी ओतली, तळ्याची तारीफ केली. इतका गोड बन त्याने आयुष्यात खाल्ला नव्हता. आर्लीनने मात्र दोन घास खाऊन बन खाली ठेवला.

"अहो काका, उठा, उठा! शेंड्यावर बसलाय तुम्ही!"

खांद्यावर खुंटांची मोळी घेऊन रोझान वर येत होती. या वाटेची देखभाल तिच्याकडे होती. वाऱ्याने वाळूची टेकडी सरकते तसे दर वसंतात तिला खुंट हलवावे लागतात.

"शेंडा कसला? झुडूप आहे हे."

"झुडूप म्हणे! जुनं कॉटनवुड आहे ते. वाळू चढत गेली तसं तेही वर वर येत गेलं. बुंधा तुमच्या पायाखाली वीस फूट आहे."

"जिवंत आहे?" आर्लीनने विचारलं.

"पानं बघा ना, मावशी. टेकडी पुढे सरकली की बुंधाही उघडा पडेल. पण त्याला पुढची तीस-चाळीस वर्षं तरी जातील."

तोवर मार्विन शंभरी ओलांडून गेलेला असणार होता. रोझान खुंट ठोकत पलीकडे उतरली. बिंग आता वीस फूट खाली होतं आणि तिथून ते कुणी काढणार नव्हतं. आर्लीन त्या कोवळ्या पानांवरून हात फिरवत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मार्विनच्याने ते बघवेना.

"आर्लीन, खाली तुझं नाव नाहीये," तो म्हणाला. "डार्लाचं आहे. मी खोटं बोललो होतो तेव्हा."

"माहीत आहे," आर्लीन डोळे पुसत म्हणाली. "तू विचारलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी धावत आले होते मी बघायला."

"मग... लग्न मोडलं का नाहीस?"

"मोडणारच होते. तासभर रडले इथं. मग वाटलं, मी नाही म्हणेन म्हणून घाबरून वेडा एवढी मोठी थाप मारतो, तर राहू दे. घरी गेले, भाजीची सुरी घेऊन परत आले आणि डार्लाच्या खाली माझं नाव कोरलं. तुझं बोलणं खरं करून ठेवलं रे, आणि अठ्ठेचाळीस वर्षं तेवढंच तुला दाखवायचं होतं."