हौसाची अंडी

केरबाने भिंतीवरच्या बोर्डातून पाव्हण्यांचे चार्जर एकेक करून उपटले आणि मोबाईल ज्याच्या त्याच्या हातात दिले.

त्याच्या बायकोच्या, हौसाच्या दहाव्याला जमलेली माणसं बघतच राहिली. वीज सकाळीच गेली होती. आभाळ भरून आल्याने पत्र्यावरच्या सोलरची बॅटरी काही चार्ज होईना. उरलेल्या चार्जवर कोपऱ्यातलं अंडी उबवायचं मशीन कसंबसं चालू होतं. त्यातली अंडी हौसाने जायच्या आठवडाभर आधी स्वतःच्या हाताने ठेवली होती. मशीन बंद पडलं तर आतली पिल्लं गारठून मरणार होती.

“दाजी, पंखा तरी राहू द्या की,” मेहुणा म्हणाला. “माणसं उकडून मेली तरी चालतील, कोंबड्या जगल्या पायजेत व्हय?”

“वारं बाहेर चिंचेखाली फुकट मिळतंय, पाव्हणं,” म्हणत केरबाने पंखाही बंद केला.

“दुःखानं डोकं फिरलंय ह्याचं,” म्हातारी आत्या पुटपुटली.

केरबा तिकडे न बघता पुढे गेला. हौसाच्या फोटोला मुलीने रंगीत दिव्यांची माळ लावली होती. तिची पिन त्याने धरली, तशी मुलगी ओरडली, “आबा, आईला अंधारात ठेवताय?”

त्याचा हात थांबला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच फोटोकडे नीट बघत होता.

“तुझ्या आईनं पहिली हीच उपटली असती,” तो म्हणाला आणि त्याने पिन ओढली. मग बोर्डाला पाठ लावून तो खाली बसला. “ऊन पडेस्तोवर मी हितनं हलत न्हाई. दम असंल त्यानं उठवावं.”