दोन वर्षांचं थोरलेपण

पान्सॉकने चष्मा कपाळावर चढवला, नाक फोटोला टेकेपर्यंत तो वाकला आणि खदखदून हसला. सोलच्या जुन्या रस्त्यांचं प्रदर्शन बघायला आलेले लोक वळून त्याच्याकडेच बघू लागले.

"दादा, इकडे या! ही आपली गल्ली. हा तुमच्या घरचा तिळाच्या तेलाचा घाणा."

"दिसतंय मला. ओरडू नकोस," दुमान म्हणाला.

"आणि या तुमच्या आई."

खाली लिहिलं होतं, शरद ऋतू, १९५३. घाण्याच्या दारात दोन बाया उभ्या होत्या. एकीच्या पाठीशी दुलईने बांधलेलं, सुपाएवढ्या कानांचं पोर. ते कान त्र्याहत्तराव्या वर्षीही पान्सॉकच्याच डोक्याला होते. दुसरी दुमानची आई. तिचे दिवस भरत आले होते, पोट लपत नव्हतं. आणि दुमान तिचा एकुलता एक.

कागदोपत्री दुमान वर्षानं लहान. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याने ठोकून दिलं होतं, "माझी नोंद तीन वर्षं उशिरा झाली." पोर जगतंय की नाही हे बघूनच तेव्हा लोक नोंद करायचे, त्यामुळे त्याला खोटं कोण पाडणार? तेव्हापासून दुमान 'दादा' आणि पान्सॉक 'अरे'. थोरल्याचा मान म्हणून पान्सॉकने त्याचा पेला दोन्ही हातांनी भरला, त्याच्यासमोर पिताना तोंड फिरवलं, स्वतःच्या सुनांदेखत त्याची बोलणी खाल्ली. पासष्ट वर्षं! हे त्याला फार झोंबत आलं होतं.

"यात तू कुठं आहेस रे?" पान्सॉकने विचारलं. 'तुम्ही' एका क्षणात हवेत विरलं होतं.

दुमानने मान खाली घातली. "पोटात."

"मोठ्यानं बोल."

"पोटात, दादा." आणि भर दालनात तो कमरेत वाकला.

पान्सॉकला आभाळ ठेंगणं झालं. त्याने आणखी दोनदा 'दादा' म्हणवून घेतलं, एकदा तर शाळेच्या सहलीवर आलेल्या पोरींसमोर.

तेवढ्यात प्रदर्शनाचं काम बघणारी बाई लगबगीने आली आणि तिने दुमानला लवून नमस्कार केला. "आजोबा, फ्रेम आवडली ना? तुम्ही गेल्या महिन्यात हा फोटो आणून दिलात म्हणून ही गल्ली आम्हाला मिळाली."

पान्सॉक गोंधळला. "तू दिलास? अरे, मग फाडून का नाही टाकलास?"

"आईच्या पेटीत सापडला, दादा." दुमानने अदबीने पान्सॉकचा कोट हातावर घेतला. "चला, भूक लागली. कोपऱ्यावरच्या खाणावळीत बरगड्या झकास भाजतात. आणि थोरला सोबत असताना धाकट्यानं पाकिटाला हात लावायचा नसतो, हे पासष्ट वर्षं तुम्हीच मला सांगत आलात."