हंड्यावरचं नाव

“बाईंचं नाव काय होतं, कोण सांगेल?” कोलमन साहेबांनी पाचवीच्या वर्गाला विचारलं.

शेवटी उत्तम उभा राहिला.

“बाई, सर.”

“ते नाव नाही.”

“आम्ही बाईच म्हणायचो. मोठ्या माणसांचं नाव घेत नाहीत, सर. घरी मार बसतो.”

वर्ग हसला. साहेबही थोडं हसले. मग त्यांनी मुलांना लवकर सोडलं.

ठाण्याच्या या मिशन शाळेत शिकवायला दोघं नवराबायको तीन वर्षांपूर्वी विलायतेहून आली होती. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको, मुलांच्या बाई, तापाने गेली. इथल्याच मातीत तिला ठेवलं. तेव्हापासून तिचं नाव साहेबांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांनी स्वतःही ते घेतलं नव्हतं. घेणार कोणासमोर?

मिशनचं पत्र टेबलावर होतं. मे महिन्यात बोट होती. विलायतेला परत जायचं की इथेच राहायचं, ते आज कळवायचं होतं. इथे एकाला जरी तिचं नाव माहीत असलं, तर राहायचं, असं त्यांनी सकाळी मनाशी धरलं होतं. आता ‘परत येतो’ असं उत्तर लिहायला हरकत नव्हती.

ते पाणी प्यायला व्हरांड्यात आले. दुपार टळटळीत होती. खाडीवरून खारट वारा येत होता. रखमाबाई पाण्याचा तांब्याचा हंडा रिकामा करून चिंचेने घासत बसली होती. शाळेचं पाणी तीच भरायची. हंड्यावर ऊन पडलं होतं आणि त्याचा तांबूस कवडसा छतावर हलत होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. बायकोही अशीच बघत बसायची, हातातलं शिवण तसंच ठेवून. क्षणभर त्यांना वाटलं, ती मागेच उभी आहे. वळलो तर जाईल म्हणून ते वळले नाहीत.

“साहेब, पानी देऊ? घागरीत हाय.”

“रखमाबाई, तुम्ही बाईंबरोबर असायचात. त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे?”

रखमाबाईने पदर सारखा केला. “मी कशी नाव घेऊ बाईंचं?”

“माहीत नाही, असंच ना?”

तिने बोट घागरीतल्या पाण्यात बुडवलं आणि समोरच्या कोरड्या फरशीवर हळूहळू काही काढलं. आधी एक रेघ, मग वळण. साहेबांना मराठी अक्षरं बायकोनेच शिकवली होती. ते एकेक अक्षर लावत गेले. ए. डि. थ.

“तुम्हाला लिहिता येतं?”

“नाय हो. अक्षर म्हंजे काय, मला ठाव नाय. एवढंच येतं.”

तिने हंडा वळवला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं.

“कल्यानला हंडा घेतला, मी होते संगती. दुकानदार म्हनला, नाव काय घालू? आमच्यात घरधन्याचं घालतात. बाईंनी आपलंच सांगितलं. दुकानदार बघतच राहिला.” रखमाबाई हसली. “मला म्हनल्या, साहेबांना सांगू नको. त्यांचं त्यांना वाचू दे. आठ दिवसांनी ताप आला.”

“मला कधी दिसलं नाही.”

“मीच भिंतीकडं फिरवून ठेवत होते. तुमी रोज हितं पानी प्यायला येता. दिसलं तर घोट उतरंल का? पन घासताना रोज बोट फिरतं त्याच्यावरनं. बोटाला पाठ झालं.”

फरशीवरचं पाणी उन्हाने आटत होतं. पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं.

“एडिथ,” साहेब म्हणाले. मोठ्याने.

रखमाबाईने मान खाली घातली.

तिने हंडा धुऊन भरला आणि तिवईवर ठेवला. हात सवयीने नाव भिंतीकडे फिरवू लागला. साहेबांनी तो थांबवला. दोन्ही हातांनी हंडा धरून त्यांनी नाव पुढे आणलं आणि पेला तिच्यापुढे केला.

“शाळा जूनमध्ये उघडेल,” ते म्हणाले, “तेव्हाही असाच ठेवा.”