पाचव्यांदा घडवलेले डोके

डोके मानेच्या खाचेत पुन्हा डुगडुगले. शिडीवर उभ्या असलेल्या ट्रोफिमोसने दातांत धरलेली शिशाची पाचर फटीत ठोकली, तो खाली उतरला आणि चार पावले मागे जाऊन त्याने पाहिले. पाहू नये असेच ते होते. सहा हात उंचीचे चिलखत घातलेले धड, जग कवेत घ्यायला निघाल्यासारखा पुढे केलेला उजवा हात, आणि वर डाळिंबाएवढा सम्राट.

धड त्याच्या आजोबांनी घडवले होते. त्या काळी सम्राट वीस-वीस वर्षे टिकत आणि फ्रिजियातल्या या डोंगराळ गावातही खाणीतून हवा तेवढा संगमरवर येई. तरी म्हातारा दूरदर्शी होता. त्याने मानेला खाच ठेवली. सम्राट बदलला तर डोके तेवढे बदलावे, धडाला काय कळते.

गेल्या चौदा महिन्यांत पाच सम्राट झाले. प्रत्येक जण आधीच्या सम्राटाचा सेनापती होता. सैनिक त्याला ढालीवर उचलून घेत, तो आधीच्याला मारी आणि मग त्याच्या चेहऱ्याची रंगवलेली फळी गावोगाव येई. फळी आली की दहा दिवसांत पुतळ्यावर तो चेहरा दिसला पाहिजे, हा नियम. खाणीचे बैल मात्र दुसऱ्या सम्राटाच्या सैन्याने कापून खाल्ले होते. नवा दगड बंद झाला. तेव्हापासून ट्रोफिमोस जुन्याच डोक्यातून नवे काढत होता. पहिल्याला भरघोस दाढी होती. ती तासून त्यातून दुसऱ्याची हनुवटी निघाली. तिसरा खप्पड गालांचा निघाला, गाल छाटावे लागले. चौथ्याला पुन्हा दाढी. गेलेली दाढी कुठून आणायची? छिन्नीच्या टोकाने टोचे मारून त्याने खुंट उगवून दाखवले. पाचव्याने ते खुंटही ठेवले नाहीत.

जेवण घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, अफियाने, पुतळ्याकडे एकदा पाहिले आणि ओढणीचे टोक तोंडात धरले.

"अहो, सहाव्याचा मणीच करा," ती हळू म्हणाली. "दोऱ्यात ओवून गळ्यात घालीन."

ट्रोफिमोस हसला नाही. खालच्या गावातल्या मूर्तिकाराकडून जुन्या सम्राटाचा एक कान चुकून तसाच राहिला होता. त्या कानापायी त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. एका कानाची ही किंमत, तर संपूर्ण सम्राटाचे डाळिंब करण्याची काय असेल, हा हिशेब तो आठ दिवस करत होता. हसणे हाही राजद्रोहच. म्हणून चौकातून जाणारे लोक आताशा स्वतःच्या वहाणांकडे पाहत चालत.

आज नव्या सम्राटाचा सेनापती येणार होता. गावाने पुतळ्यासमोर निष्ठेची शपथ घ्यायची आणि त्याने पुतळा तपासायचा. नगरप्रमुख मेनेक्रातिस घामाघूम होऊन आला तो सोनेरी पानांचा मोठा मुकुट घेऊनच. पाने रुंद आहेत, डोके जरा भरल्यासारखे दिसेल, असे त्याचे म्हणणे. ट्रोफिमोसने मुकुट डोक्यावर ठेवला. तो नाक, हनुवटी, मान असा एकेक टप्पा घेत खांद्यांवर येऊन बसला.

"राहू दे," शेवटी मेनेक्रातिस म्हणाला. "हार आहे म्हणून सांगू."

दुपारी चाळीस घोडेस्वार चौकात शिरले. सेनापती अरुंटियस पुढे होता. शिरस्त्राणाच्या दोन्ही गालपट्ट्यांआड त्याचा चेहरा दिसत नव्हता. मेनेक्रातिसने हात उंचावून शपथ सुरू केली. दुसऱ्याच ओळीला एक कबुतर उडत आले आणि सम्राटाच्या डोक्यावर बसले. त्याच्या पोटाखाली सम्राट पार नाहीसा झाला. सम्राटाच्या दिशेने हातवारे करून हुसकावण्याची छाती कोणाची होणार? गावाने प्राणांतापर्यंत एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आणि कबुतराने ती मान वाकडी करून शांतपणे ऐकली.

ते उडून गेले आणि डाळिंब पुन्हा उघडे पडले.

अरुंटियस घोड्यावरून उतरला. त्याने शिडी मागवली आणि स्वतः वर चढला. पाचर उपटून त्याने डोके खाचेतून काढले, तळहातावर तोलले आणि घेऊन खाली आला. हे कोणी घडवले, असे त्याने विचारले. मेनेक्रातिस दोन पावले बाजूला सरकला. तेवढ्याने ट्रोफिमोस एकटा पडला.

सेनापती त्याला खांद्याला धरून पुतळ्यामागे घेऊन गेला. ट्रोफिमोसने उजवा हात नकळत पाठीमागे लपवला. आजवर त्या हाताने कधी खोटे काम केले नव्हते. आता खोटे बोलून तो वाचेल असेही त्याला वाटेना.

"दगड संपत आलाय, सरकार," तो म्हणाला. "दरवेळी यातूनच काढावं लागतं."

"ते दिसतंय." अरुंटियसने डोके बोटांत फिरवून पाहिले. "अजून किती निघतील?"

"एकच. तोही नाक बेताचं असेल तर."

अरुंटियसने मान वळवून आपल्या चाळीस स्वारांकडे पाहिले. ते विहिरीवर घोड्यांना पाणी पाजत होते. मग त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडला, शिरस्त्राण काढून काखेत धरले आणि उन्हाकडे तोंड करून उभा राहिला. आधी समोरून, मग बाजूने.

"नीट बघून सांग," तो म्हणाला. "हे मावेल?"