पिवळी पानं

केतामाच्या डोंगरात आमचा गांजा कधी कापायचा ते मीच सांगते. यंदा फुलं भरत आली आणि खालची पानं पिवळी पडली. शहरातून आलेली सून मिमुना घाबरली. “आई, खत घालू?” “गप बस, शहाणे. रोप पानांतला जोर काढून फुलांना देतंय.” पीक झकास आलं. कापणी संपली तेव्हा मिमुनाला नववा लागला आणि डोळे पिवळे झाले. मुलगा मुहंद तिला इस्पितळात न्यायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. “बाईचंही तसंच असतं. बाळ आईतला जोर ओढतं. सहा बाळंतपणं घरात झालीत माझी, मला शिकवतोस?” तो थांबला. माझ्यापुढे सगळे थांबतात. पाचव्या दिवशी तिची शुद्ध हरपली. इस्पितळात बाळ वाचलं, मिमुना गेली. मी नातीसाठी हात पुढे केले. मुहंदनं तिला सोबत आलेल्या शेजारणीच्या मांडीवर ठेवलं.